चार माणसं आणि माझ्या खोडी

मुलाखतीत कुणी “तुमच्याबद्दल काही सांगा” म्हणालं की माझी जीभ टाळूला चिकटायची. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा धरली, तर मी खुशाल त्या रुमालावर बसते आणि वर भांडतेही. पण समोर टेबल, टेबलामागे कडक इस्त्रीचे कपडे आणि प्रश्न माझ्याविषयीचा, की संपलं. बी.एस्सी. झाल्यावर दीड वर्षात मी परभणीत पाच मुलाखती दिल्या आणि पाचही या एका प्रश्नावर आपटल्या.

पहिली मुलाखत बियाण्यांच्या एका कंपनीत होती. तिथल्या साहेबांना मी सांगितलं, की आम्ही झरीचे, माझे वडील सेलूला जिनिंगवर रुईच्या गाठी बांधायचे, आई मजुरीला जाते, आत्या अंगणवाडीत मदतनीस आहे, थोरला भाऊ पुण्याला आहे. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, घरच्यांची ओळख झाली, आता तुमची सांगा. मी म्हणाले, “मी त्यांची मुलगी.” साहेब हसले, मीही हसले. मला वाटलं, जमलं. पुढे त्यांचा फोन आला नाही.

यात माझा एकटीचा दोष नव्हता. आमच्या घरात स्वतःविषयी चांगलं बोलायची पद्धतच नाही. दहावीला मी शाळेत पहिली आले आणि धावत घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी विचारलं, “बाकीच्या पोरी परीक्षेला आल्या न्हवत्या का?” त्यांना आनंद झाला होता, हे मला कळलं, कारण त्या दिवशी ते जाऊन अर्धा किलो जिलेबी घेऊन आले. पण तोंडाने काही नाही. आपली टिमकी आपण वाजवायची नाही, लेकराची तर मुळीच नाही, असा त्यांचा शिरस्ता.

दिवाळी जवळ आली तसा भावाचा पुण्याहून फोन आला. त्याच्या ओळखीच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला मुली हव्या होत्या. दिवाळीनंतर महिनाभरात इकडे काही जमलं नाही, तर तू ये, असं ठरलं. मी हो म्हणाले, पण मला अजिबात जायचं नव्हतं. इथे विहाराच्या मागच्या खोलीत आमची अभ्यासिका आहे. अकरावीत असल्यापासून तिचं कपाट, तिचं रजिस्टर आणि तिची किल्ली माझ्याकडे. संध्याकाळी दहा-बारा मुली तिथे वाचायला येतात, आणि मी नसले की दोन दिवसांत पुस्तकं वाटेल तिथे जातात. शिवाय मला झरी आवडते. आमच्या वयाच्या मुलींनी असं बोललं की लोक कीव केल्यासारखं बघतात, म्हणून मी ते कुणाला सांगत नव्हते.

तेव्हा मी तयारीला लागले. फोनवर मुलाखतीचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. त्यातला एक चकचकीत माणूस सांगायचा, की तुमच्यातली उणीव विचारली तर अशी उणीव सांगा की जी खरं म्हणजे गुण वाटेल. मी चुलीजवळ बसून मोठ्याने घोकत होते, “मी कामात फारच बारकाईने लक्ष घालते.” आई म्हणाली, “भाकर करपायली, तिकडं घाल लक्ष.”

अभ्यासिकेत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक रोज पेपर वाचायला येत. सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. त्यांनी मला सराव द्यायचं कबूल केलं. ते टेबलामागे साहेब होऊन बसत आणि मी दारातून “आत येऊ का” म्हणून आत येई. अडचण अशी, की माझं उत्तर चार वाक्यांच्या पुढे गेलं की गुरुजींना डुलकी लागे. चाळीस वर्षं मुलांचं पाठांतर ऐकलेल्या माणसाला पाठ केलेलं लगेच ओळखू येत असणार.

असा सगळा सराव चालू असताना सेलूच्या एका जिनिंगमधून फोन आला. त्यांनी सरकीपासून वेगळी केलेली रुई तपासायची नवी खोली काढली होती आणि तिथे एक सहायक हवी होती. गुरुवारी अकरा वाजता या म्हणाले. हाताला काम, पगार महिन्याचा, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल असं. मी फोन ठेवला आणि अंगणात दोन उड्या मारल्या. मग आठवलं, की पुन्हा तोच प्रश्न येणार, आणि उड्या थांबल्या.

बाबांना सांगितलं तेव्हा ते छत्री उचलून बाहेर पडले. सेलूच्याच एका दुसऱ्या जिनिंगवर त्यांनी अठरा हंगाम काढले होते. गुडघे धरल्यापासून ते घरीच असत आणि काठीऐवजी जुनी काळी छत्री टेकत चालत, कारण काठी घेतली की माणूस म्हातारा दिसतो असं त्यांचं मत.

पुढचं कळायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुठलंही मोठं काम, म्हणजे लग्नाची बोलणी असो, बांधाचं भांडण असो, की बैलजोडीचा सौदा, एकट्याने करायचं नसतं. सोबत चार माणसं न्यायची. आणि या चार माणसांचं पहिलं काम म्हणजे आपल्याकडची खोड आधी सांगून टाकणं. बैल बुजतो, तर तसं सांगायचं. नंतर कुणी बोल लावू नये, म्हणून. माझ्या चुलतभावाच्या बोलणीत गुरुजींनी चहाच्या आधीच सांगून टाकलं होतं, की पोरगा घोरतो. खोडी सांगून झाल्या, समोरच्याने मान हलवली, की मग चांगलं सांगायला सुरुवात होते.

गुरुवारी सकाळी मी नवा ड्रेस घालून, फाइल घेऊन अंगणात आले, तर तिथे बाबा, गुरुजी, आत्या आणि शेजारचे काका असे चौघे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे. काकांच्या शेतात आई आणि मी वर्षानुवर्षं कापूस वेचायला जात आलो. त्यांनी डोक्याला लग्नातला फेटा बांधला होता. मी विचारलं, कुणाकडे काही आहे का आज?

“तुझ्यासंगं यायलोय,” बाबा म्हणाले. “मोठ्या कामाला चार माणसं लागतेत.”

मी सगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. ही मुलाखत आहे, बोलणी नाही. तिथे एकटीने जायचं असतं. सोबत आई-बाप दिसले की मुलगी लहान आहे असं धरतात आणि नाव खोडतात. मग मी रागावले, मग थोडी रडकुंडीला आले. आत्या म्हणाली, मागच्या पाच वेळेला एकटीच गेलती ना, काय झालं? शेवटी तह झाला, की चौघे फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसतील आणि मी बाहेर येईपर्यंत कुणी जागचं हलणार नाही. काकांनी फेट्याची शपथ घेतली.

झरीहून परभणी आणि परभणीहून रेल्वेने सेलू. सेलूत कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती, आणि बाबांना मधूनमधून कुणीतरी ओळखत होतं. प्रत्येकाला ते एवढंच सांगत, “कामानं आलोय.”

मुलाखतीच्या खोलीत दोघे होते. जिनिंगचे मालक, त्यांना सगळे शेठजी म्हणत, आणि तपासणीच्या कामासाठी त्यांनी नेमलेल्या एक मॅडम. मॅडम नागपूरकडच्या, बोलणं मोजकं. त्यांनी फाइल चाळली आणि मला तो प्रश्न विचारलाच. मी पाठ केलेलं सुरू केलं. मी मेहनती आहे, मी शिकायला उत्सुक आहे, मी कामात फारच बारकाईने लक्ष घालते. मॅडमनी हात वर केला.

“हे मी पण फोनवर ऐकलंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय केलंय ते सांगा. काही अनुभव?”

मी म्हणाले, अनुभव नाही. माझ्या लेखी अनुभव म्हणजे लेटरहेडवरचा शिक्का मारलेला कागद. तो माझ्याकडे नव्हता. मॅडमनी फाइल मिटली. मिटताना त्यांचा चेहरा वाईट नव्हता, उलट जरा हिरमुसलेला होता. मला पॅकिंगचे खोके दिसायला लागले.

एवढ्यात रखवालदार आत आला. शेठजींना म्हणाला, मुलीकडची चार माणसं फाटकात उभी आहेत, सावलीत बसलं तर चालेल का विचारतायत. टपरीवर ऊन आलं होतं म्हणे. टपरीवर बसल्यावर फेट्याची शपथ पाऊण तासही टिकली नव्हती.

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. पण शेठजी पडले सेलूचे. ते रखवालदारावरच रागावले. मुलीकडची माणसं उन्हात उभी करतात का, आत बोलवा, चहा सांगा. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. चौघे आत आले, चपला दाराशी काढल्या आणि भिंतीजवळच्या बाकावर ओळीने बसले. शेठजींनी कुठून आलात, पाऊसपाणी कसं झालं, सगळं रीतसर विचारलं. मग गुरुजींनी घसा साफ केला. तो आवाज मी चुलतभावाच्या बोलणीत ऐकला होता.

“पोरीत खोडी हायेत,” गुरुजी म्हणाले. “त्या आधी सांगतो, म्हंजे मागून बोल नको.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. गुरुजी सांगायला लागले, की ही मुलगी मान राखत नाही. अभ्यासिकेतलं एक पुस्तक त्यांनी सहज पिशवीत घातलं, तर हिने तीन आठवडे रोज सगळ्यांसमोर आठवण केली. ज्यांनी हिला बाराखडी शिकवली, त्यांना रजिस्टरवर सही करायला लावली. मग आत्या. अंगणवाडीत ती लेकरांची वजनं घेत होती आणि मी नुसती बघायला गेले होते. काटा शून्यावर नाही म्हणून मी सगळ्या लेकरांची वजनं पुन्हा घ्यायला लावली. दुपारची खिचडी त्या दिवशी गार झाली, हे आत्या अजून विसरली नव्हती.

“आन् आमच्या शेतात तर इचारू नका,” काका म्हणाले. “भरलेलं गाठोडं माझ्या डोळ्यासमोर सोडलं हिनं. कवडी येगळी, चांगला येगळा. वरून माझ्या गाडीवर उभी राहून वरडली, की कापूस वला हाय.”

हे सांगून काकांच्या लक्षात आलं, की आपण कुठे बसलोय. कापूस विकत घेणाऱ्याच्या खोलीत बसून आपण आपल्याच ओल्या कापसाची कबुली दिली. त्यांनी घाईने जोडलं, की तसा तो ओला नव्हताच, पोरीचा गैरसमज.

आणि माझं टाळकं सटकलं. इतका वेळ मी भिंतीकडे बघत सहन करत होते, पण हे चुकीचं होतं. मी वळून म्हणाले, काका, गैरसमज कसा? सकाळी दवात वेचलेला कापूस तुम्ही दुपारच्या कापसात घातला होता. मी मूठभर घेऊन दाबून दाखवला, तो गोळा होऊन बसला, फुलला नाही. वाळलेला कापूस सोडला की फुलतो. मी तो पत्र्यावर दोन दिवस पसरला, तेव्हा कुठे वाळला. आणि कवडी मी उगाच नाही काढली. किडलेल्या बोंडाचा पिवळा कापूस चांगल्यात गेला की सगळ्याच गाडीचा भाव पडतो, हे तुम्हाला पुढच्या आठवड्यात बाजारात पटलं, तेव्हा माझं नाव घेतलं नाही. आत्या, तुझा काटा पाव किलो जास्त दाखवत होता. अशक्त लेकरू ठीक आहे असं लिहिलं गेलं असतं. आणि गुरुजी, माझ्याआधी कपाटातून किती पुस्तकं गेली ते कुणालाच माहीत नाही. मी रजिस्टर केलं, तेव्हापासून एक गेलेलं नाही. तुमचं धरून.

मी थांबले तेव्हा मॅडम भराभर लिहीत होत्या. फाइल कधी उघडली, मला कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, रजिस्टरमध्ये रकाने कोणते? मी सांगितले. ओला कापूस आणखी कसा ओळखता? तेही सांगितलं. मला अजून राग होता, त्यामुळे सगळं धडाधड येत होतं.

मग मॅडमनी तीन कागदांवर रुईचे तीन पुंजके ठेवले आणि म्हणाल्या, मशीन सांगेलच, पण हाताने बघून सांगा, धागा कुठला लांब. हे मला येत होतं. लहानपणी बाबा कामावरून आले की त्यांच्या केसांत, कॉलरमध्ये रुई असायची आणि ते तीच चिमटीत धरून मला धागा ओढायला शिकवायचे. ओढायचं, एकावर एक ठेवायचं, परत ओढायचं, मग सरळ धाग्यांची छोटी पट्टी उरते. ती काळ्यावर ठेवली की लांबी दिसते. मी पट्ट्या तयार केल्या आणि काळं काही मिळतं का म्हणून टेबलावर पाहायला लागले.

बाबांनी आपली छत्री पुढे सरकवली.

मी तिन्ही पट्ट्या छत्रीवर ठेवल्या आणि क्रम सांगितला. मॅडमनी मापं लिहिलेला जवळचा कागद बघितला आणि मान हलवली. शेठजी हसून बाबांना म्हणाले, तुम्ही काही सांगितलं नाही. तुमची काय तक्रार?

बाबा उठून उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं.

“जेवताना फोन बघती,” ते म्हणाले आणि खाली बसले.

मॅडम पहिल्यांदा मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, सोमवारपासून या. फोन घरी ठेवला तरी चालेल.

परतीच्या गाडीत काकांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. सगळे लग्न जमल्यासारखे खुशीत होते. मीही होते, पण मला भांडायचंही होतं. मी म्हणाले, एवढी चार माणसं आलात आणि एकाने एक चांगला शब्द बोलू नये? गुरुजी म्हणाले, खोडी संपल्यावर चांगलं सांगायचंच होतं, पण त्याच्या आतच मॅडम सोमवार म्हणाल्या, आता त्यांना मधेच थांबवायचं का? मग मी बाबांकडे वळले. एवढ्या खोडी सांगितल्या या लोकांनी, आणि तुम्हाला काय सापडलं, तर फोन? बाबांनी शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

याला आता चार वर्षं झाली. अभ्यासिकेची किल्ली अजून माझ्याकडे आहे. तपासणीच्या खोलीत माझ्या हाताखाली दोन मुली आहेत आणि त्यांना घेताना टेबलामागे मीही बसले होते. मी त्यांना स्वतःबद्दल सांगायला सांगितलं नाही. घरचे तुमच्यावर कशावरून रागावतात, एवढं विचारलं. एकजण म्हणाली, मी भाजी परत परत धुते म्हणून आई चिडते. तिला मी लगेच निवडलं.

मागच्या महिन्यात मॅडम नागपूरला परत जायला निघाल्या आणि त्यांच्या जागेसाठी मी अर्ज करावा असं म्हणाल्या. अर्ज दोन पानांचा होता, आणि दुसऱ्या पानावर वर लिहिलेलं होतं, स्वतःविषयी माहिती. खाली सगळं कोरं. दुपारच्या सुट्टीत मी डबा तसाच ठेवून त्या कोऱ्या पानाकडे बघत बसले. जीभ पुन्हा टाळूला चिकटली. मग मी घरी फोन लावला आणि बाबांना म्हणाले, माझ्यात काय काय खोडी आहेत त्या सांगा, लिहायच्या आहेत.

त्यांना एवढंच हवं होतं. मी हट्टी आहे, चुकलेलं पुन्हा करायला लावते, हाताखालच्या पोरींना घरी सोडल्याशिवाय स्वतः निघत नाही आणि मग माझी गाडी चुकते, शेठजींनासुद्धा नाही म्हणते. ते सांगत होते आणि मी एकेक खोड अर्जाच्या भाषेत लिहून काढत होते. पान भरत आलं, तळाशी दोन ओळी उरल्या.

मी म्हणाले, “बाबा, आता खोडी पुरे. जागा उरलीय, एखादं चांगलं सांगा.”

पलीकडून छत्री टेकत दोन फेऱ्या मारल्याचा आवाज आला.

“बाई,” ते म्हणाले, “ते मला सांगता आलं असतं, तर त्या दिवशी तिघांना कशाला संगं आनलं असतं?”